परदेशी शाळेशी जोडून घ्यायचं तर: लेखी प्रकल्प, लाइव्ह तास की मुलांना पाठवणं?

नाशिकच्या एखाद्या शाळेने परदेशी शाळेशी जोडून घ्यायचं ठरवलं की पहिल्याच सभेत पडदा किती इंची घ्यायचा यावर बोलणं सुरू होतं. त्याआधी दोन गोष्टी कागदावर मांडाव्यात. यात कोणत्या शिक्षकाचे आठवड्याला किती तास जाणार, आणि साठ मुलांच्या तुकडीतल्या किती जणांच्या हाताला काम मिळणार? पुढचे तीन मार्ग याच दोन कसोट्यांवर ताडून पाहिले आहेत. पहिल्यात दोन्हीकडची मुलं आपापल्या वेळेला काम करून एकमेकांना पाठवतात. दुसऱ्यात दोन वर्ग व्हिडिओवर समोरासमोर येतात. तिसऱ्यात मूल स्वतः तिकडे जाऊन राहतं.

आमचा कल उघड आहे: पहिल्या वर्षी लेखी प्रकल्पच करावा.

लेखी प्रकल्प

याला मोठं इंटरनेट लागत नाही, घड्याळं जुळावी लागत नाहीत आणि कामाची वाटणी करता येते. साठ मुलांचे पाच-पाचचे बारा गट पडतात. शिक्षकाला आठवड्याला दोन तास पुरतात, फक्त विषय नेमका हवा. 'आमची संस्कृती, तुमची संस्कृती' असा विषय घेतला की तिकडून नाताळच्या झाडाचं चित्र येतं, इकडून आकाशकंदिलाचं जातं आणि पुढे विचारायला कुणाकडे काही उरत नाही. समोरच्याच्या आकड्यावाचून आपलं उत्तरच निघत नाही, असा विषय निवडावा.

सावलीवरून पृथ्वीचा परीघ काढण्याचा प्रयोग हे त्याचं चांगलं उदाहरण. सपाट जमिनीवर एक मीटरची काठी ओळंब्यात उभी करायची आणि दुपारची सर्वांत आखूड सावली मोजायची. नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे २० मार्चच्या आसपास ही सावली ३६ सेंटिमीटरच्या जवळ येते. बर्लिन ५२.५ अंशावर, तिथे त्याच दिवशी ती १३० सेंटिमीटर भरते. सावलीवरून सूर्याचा कोन काढला की दोन्हींत ३२.५ अंशांचा फरक मिळतो. नकाशाच्या प्रमाणावरून दोन्ही गावांमधलं दक्षिणोत्तर अंतर सुमारे ३,६०० किलोमीटर निघतं. ३६० भागिले ३२.५, गुणिले ३,६००. पृथ्वीचा परीघ ३९,९०० किलोमीटरच्या आसपास येतो, आणि तो दोन्हीकडचे आकडे जुळवल्याशिवाय काढता येत नाही.

हा प्रयोग बिघडतो तो घड्याळामुळे. मुलं बरोबर बारा वाजता सावली मोजतात. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ रेखांशावरची, नाशिक मात्र ७३.८ वर, म्हणून आपल्याकडे सूर्य डोक्यावर यायला सरासरी ३५ मिनिटं उशीर होतो. मार्चच्या त्या आठवड्यात खरी माध्यान्ह १२ वाजून ४२ मिनिटांच्या सुमाराला होते. बाराला मोजलेली सावली ४१ सेंटिमीटर भरते, कोन अडीच अंशांनी चुकतो आणि परीघ ४३,२०० वर जातो. उपाय साधा आहे: १२.२० ते १.०५ दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूने खूण करायची आणि त्यातली सर्वांत आखूड धरायची. अडचण अशी की दोन पाळ्यांच्या शाळेत नेमकी याच वेळेला एक पाळी सुटते, दुसरी भरते आणि पटांगणभर मुलं असतात. काठीसाठी गच्ची बरी.

दुसरी हमखास चूक म्हणजे दक्षिणोत्तर अंतराऐवजी विमानाचं अंतर धरणं. ते सहा हजार किलोमीटरच्या वर आहे, त्यामुळे परीघ जवळजवळ पावणेदोन पट येतो. ही चूक मुलांना एकदा करू द्यावी आणि ती कुठे झाली हे पलीकडच्या वर्गाला शोधायला लावावं. दोन्ही वर्गांतली सगळ्यांत जिवंत चर्चा बहुधा याच मुद्द्यावर होते. मार्चमध्ये शाळा परीक्षा केंद्र असेल तर फेब्रुवारीतला कोणताही एक दिवस दोघांनी ठरवून घ्यावा. सावल्या लांबतील, कोनांतला फरक तोच राहील. बर्लिनला फेब्रुवारीत ढग असतात, म्हणून एकाऐवजी पाच दिवस राखून ठेवावेत.

गणिताचे शिक्षक तयार नसतील तर कांदा आहेच. लासलगावचा क्विंटलचा भाव आणि पलीकडच्या गावातल्या दुकानातला किलोचा भाव सहा आठवडे दर सोमवारी नोंदवायचा. घाऊक आणि किरकोळ, रुपया आणि युरो, हे सगळं सारखं करण्यातच निम्मा अभ्यास होतो.

जोडीदार मिळवायला आयअर्न हे १९८८ पासून चालत आलेलं, देशोदेशीच्या शाळांचं जाळं आहे. त्यातल्या लर्निंग सर्कलमध्ये सहा ते आठ वर्गांचा एक गट असतो. एका शिक्षकाची बदली झाली किंवा त्याने उत्तर देणं थांबवलं तरी प्रकल्प चालू राहतो, आणि दोनच शाळांच्या जोडीत नेमकं हेच जमत नाही. वर्षात दोन सत्रं होतात. जानेवारीचं सत्र आपल्या परीक्षांवर आदळतं. सप्टेंबरअखेरचं घ्यावं आणि दिवाळीची सुट्टी गृहीत धरावी. युरोपातल्या एखाद्या शिक्षकाने ई-ट्विनिंगवर या म्हटलं तर हुरळून जाऊ नये. तो २००५ पासून चालणारा युरोपीय शाळांसाठीचा कार्यक्रम आहे, भारतातल्या शाळांना त्यात नोंदणी मिळत नाही.

भाषेबद्दल एक मत: पहिला जोडीदार इंग्लंड-अमेरिकेतला घेऊ नये. जपान, जर्मनी, तैवान इथल्या मुलांचीही इंग्रजी शिकलेली असते. दोन्हीकडून छोटी, सरळ वाक्यं येतात आणि मराठी किंवा सेमी माध्यमातलं मूल बुजत नाही. मजकूर आधी मराठीत लिहून घ्यावा. भाषांतराचं अ‍ॅप वापरलं तर त्याचा इंग्रजी मजकूर मुलांकडूनच पुन्हा मराठीत आणवावा, म्हणजे 'गोड पाणी' तिकडे साखरेचं पाणी होऊन पोहोचलं का ते कळतं.

लाइव्ह तास

आकर्षण याचंच सगळ्यांत जास्त, आणि फसतोही हाच. आधी पाळी पाहावी. जर्मनीतली शाळा सकाळी आठला भरते तेव्हा आपल्याकडे हिवाळ्यात साडेबारा आणि उन्हाळ्यात साडेअकरा वाजलेले असतात. दुपारच्या पाळीला युरोप सोपा. जपानमध्ये दुपारचा एक म्हणजे आपले सकाळचे साडेनऊ, तेव्हा सकाळच्या पाळीने जपानकडे पाहावं. न्यूयॉर्कचे सकाळचे आठ म्हणजे आपली संध्याकाळ: साडेपाच किंवा साडेसहा. शाळेच्या वेळेत हे बसत नाही आणि त्या वेळी मुलींना थांबवून घेतलं तर पालकांची तक्रार रास्तच असते.

युरोपातली घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, आपली बदलत नाहीत. दिवाळीआधी ठरवलेली भेट दिवाळीनंतर तासाभराने चुकते ती यामुळेच. निरोपात दोन्ही गावांची वेळ लिहावी, तारखेसकट.

चित्र एक वेळ अडखळलं तरी चालतं, आवाज गेला की तास गेला. छताचे चार पंखे, उघड्या खिडक्या आणि एका सुरात 'हॅलो' म्हणणारी साठ मुलं, यात लॅपटॉपच्या आतल्या माइकला काहीच उमगत नाही. तारेचा एक साधा यूएसबी माइक बोलणाऱ्यापासून वीतभर अंतरावर ठेवावा आणि स्पीकर त्याच्या मागच्या दिशेला, लांब. हे दोन जवळ आले की पलीकडच्या वर्गाला स्वतःचाच आवाज परत ऐकू येतो आणि ते बोलायचे थांबतात. समोर पाच मुलं, पाच ठरलेले प्रश्न. बाकीच्यांकडे उत्तरं टिपायचं काम. दुसऱ्या कंपनीच्या सिमचा हॉटस्पॉट हाताशी असावा. चाचणी आदल्या दिवशी त्याच खोलीत, त्याच वेळेला घ्यावी. रविवारी रिकाम्या शाळेत घेतलेल्या चाचणीतून काही कळत नाही.

झूमच्या मोफत खात्यावर ४० मिनिटांनी बैठक बंद होते, गूगल मीटच्या मोफत खात्यावर तिघांची किंवा त्याहून अधिकांची ६० मिनिटांनी. पस्तीस मिनिटांच्या तासात पहिली दहा जोडणीत जातात, त्यामुळे तासाला जोडून दुसरा तास मागून घ्यावा. शाळेचं सगळं काम एकाच सेवेवर साठवून ठेवू नये: शिक्षकांमध्ये लोकप्रिय असलेलं फ्लिप हे व्हिडिओ अ‍ॅप २०२४ मध्ये स्वतंत्र रूपात बंद झालं आणि स्काइप मे २०२५ मध्ये.

आमच्या हिशेबी लाइव्ह तास दोनच असावेत, लेखी प्रकल्पाच्या सुरुवातीला एक आणि शेवटी एक. नुसत्या लाइव्ह भेटींवर वर्ष काढणाऱ्या शाळांत तीच बोलकी दहा मुलं प्रत्येक वेळी पुढे असतात.

मुलांना पाठवणं

इथे निर्णय शाळेचा कमी आणि घराचा जास्त. साठांत एखादंच मूल जाणार.

आधी नाव आणि वस्तू वेगळी करावी. आठ-दहा दिवस, हॉटेल, बस, प्रेक्षणीय स्थळं आणि एक दिवस कुठल्याशा शाळेला भेट: याला माहितीपत्रकात 'एक्स्चेंज' म्हणत असले तरी ही सहल आहे. सहल वाईट नसते, पण पैसे सहलीचे समजून द्यावेत. मूल यजमान कुटुंबात राहतं का, रोज तिथल्या वर्गात बसतं का, आणि तिकडचं मूल इकडे येतं का, एवढं विचारलं की उलगडा होतो.

खऱ्या देवाणघेवाणीत रोटरी यूथ एक्स्चेंज नाशिककरांना जवळचा. इथले क्लब रोटरीच्या डिस्ट्रिक्ट ३०३० या विभागात येतात. वय साधारण १५ ते १८, मुक्काम काही आठवड्यांचा किंवा पूर्ण शैक्षणिक वर्षाचा. वर्षभराच्या मुक्कामात राहणं-जेवण यजमान कुटुंबांकडे असतं. तिकीट, विमा, व्हिसा आपल्याकडे. कुटुंब वर्षात बदलत राहतं. गाडी चालवणं, दारू, अमली पदार्थ आणि प्रेमप्रकरण या चारही गोष्टींना मनाई असते आणि नियम मोडला की परत पाठवतात. एएफएस या आंतरराष्ट्रीय देवाणघेवाण संस्थेचा शालेय कार्यक्रम १९४७ पासूनचा. अमेरिकी सरकारच्या निधीवर चालणाऱ्या केनेडी-लुगर यूथ एक्स्चेंजमध्ये निवड झालेल्या मुलाला प्रवास, राहणं, शाळा यांचा खर्च पडत नाही. त्या वर्षीची जाहिरात निघाली आहे का हे आधी पाहावं, निधी सरकारी आहे. अशा जे-१ या देवाणघेवाणीच्या व्हिसावरून परतल्यावर भारतात दोन वर्षं राहिल्याशिवाय कामासाठीचा एच किंवा एल व्हिसा आणि ग्रीन कार्ड मिळत नाही. शिक्षणाचा एफ-१ त्यात अडत नाही, तरी पुढची गणितं मांडणाऱ्या घरांनी हे सुरुवातीलाच वाचावं.

सगळ्यांत मोठी किंमत पैशात नाही. अकरावीचं वर्ष बाहेर काढलं तर बहुतेक मुलांना परतून तीच इयत्ता करावी लागते, आणि सीईटी, जेईई किंवा नीटच्या तयारीतला हा खंड घराला आधी मान्य हवा. परतल्यावर कोणत्या वर्गात बसवणार हे शाळेकडून किंवा कनिष्ठ महाविद्यालयाकडून लेखी घ्यावं. तोंडी 'बघू नंतर' पुरत नाही. अमेरिकेच्या व्हिसासाठी मुंबईला जावं लागतं. मुलाखतीची वेळ सकाळी आठची मिळाली तर पंचवटी एक्स्प्रेसने पोहोचता येत नाही, आदल्या रात्रीचा मुक्काम धरावा.

तिकडचं मूल आपल्या घरी येणार असेल तर ते घरी आल्यापासून २४ तासांत परदेशी नागरिकांच्या ऑनलाइन पोर्टलवर नोंद करावी लागते. हॉटेलं करतात तीच नोंद घरालाही लागू आहे, हे बहुतेक यजमानांना कुणी सांगितलेलं नसतं.

मग कुणी काय निवडावं

तयार शिक्षक एकच, संगणक कक्ष जेमतेम: लेखी प्रकल्प, आठवीची एक तुकडी, आठ आठवडे. दोन शिक्षक आणि भरवशाचं नेट असेल तर त्याला दोन लाइव्ह तास जोडावेत. मुलांना पाठवण्याची माहिती फलकावर लावावी, इच्छुक पालकांची रोटरी क्लबशी गाठ घालून द्यावी आणि शाळेने तिथे थांबावं; पैशाचा व्यवहार हातात घेऊ नये.

कोणताही मार्ग घेतला तरी फोटो आणि नावांसाठी पालकांची लेखी संमती लागते. भारताच्या २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूल धरलं आहे. युरोपातल्या शाळा चेहरे दिसणारे फोटो सहसा पाठवत नाहीत आणि तुमच्याकडूनही मागत नाहीत. हातांचे, वह्यांचे, काठीच्या सावलीचे फोटो पुरतात.

जोडीदार शिक्षकाला पहिलं पत्र लिहाल त्यात मुलांची इयत्ता आणि संख्या, शाळेची पाळी, एकच विषय आणि तीन तारखा असाव्यात: सुरुवात, मधला टप्पा, शेवट. दिवाळीच्या सुट्टीची तारीख ठळक लिहा. ती दरवर्षी सरकते हे तिकडे कुणाला ठाऊक नसतं.