ठाण्यातली मिसळ-पाव की घरची मटकी-भाकरी?

मटकी दोन्हीकडे आहेच; हृदयाच्या दृष्टीने फरक पडतो तो तर्रीने आणि पावाने. स्टेशनजवळच्या मिसळीवर तेलाचा थर तरंगतो, वर फरसाण म्हणजे तळण आणि मीठ. पाव मैद्याचा. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू (फायबर), मैद्यात जेमतेम ३.

घरी चौघांसाठी वाटीभर मटकी ८ तास भिजवा, १२ तास फडक्यात बांधा. नवी मुंबईच्या दमट हवेत जास्त ठेवली तर चिकट होते, वास मारते. फोडणीला चार चमचे तेल पुरे. मीठ कमी, आमसूल थोडं जास्त. भाकरी चिरते ती जुन्या पिठामुळे. उकळत्या पाण्यात पिठाची उकड काढा. मिसळ महिन्यातून एकदा खा, तर्री मात्र वेगळी मागा.