हरिकेन येत असताना: घरी थांबावे, जवळच सरकावे की लांब निघावे?

मेक्सिकोच्या आखातात एखाद्या वादळाला नाव मिळाले की अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातल्या टॅम्पा आणि सेंट पीटर्सबर्गच्या परिसरातील मराठी घरांत धावपळ सुरू होते. पाण्याच्या बाटल्या, बॅटऱ्या आणि ब्रेड यांसाठी रांगा लागतात, भारतातून फोन येऊ लागतात आणि प्रत्येक गटात नवा नकाशा फिरू लागतो. या गडबडीत जो निर्णय सर्वांत आधी घ्यायला हवा, तोच शेवटपर्यंत लांबत जातो: घरी थांबायचे की निघायचे, आणि निघायचे तर किती दूर? २०१७ चे इर्मा, २०२२ चे इयान आणि २०२४ मध्ये तेरा दिवसांच्या अंतराने आलेली हेलीन व मिल्टन ही वादळे आम्ही याच भागात राहत असताना अनुभवली. घरात लहान मूल असलेल्या किंवा भारतातून आईवडील राहायला आलेल्या कुटुंबाला या पर्यायांची तुलना उपयोगी पडावी, म्हणून हे लिहीत आहे. बहुतेक कुटुंबांनी लवकर निघावे, पण जवळच जावे, असे माझे मत आहे.

पर्यायांकडे वळण्यापूर्वी एक गैरसमज दूर करायला हवा. आपण सगळे वादळाच्या श्रेणीकडे पाहून घाबरतो किंवा निर्धास्त होतो. परंतु एक ते पाच ही श्रेणी केवळ वाऱ्याच्या वेगावरून ठरते. वारा ताशी १७८ किलोमीटर किंवा त्याहून अधिक असला की वादळ तिसऱ्या श्रेणीत जाते आणि त्याला ‘मेजर हरिकेन’, म्हणजे मोठे चक्रीवादळ, म्हणतात. समुद्राचे पाणी किती आत शिरेल, पाऊस किती पडेल, वादळाचा घेर किती आहे, यांपैकी काहीही त्या आकड्यात नसते. कोकणातील माणसाला उधाण म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. हरिकेनचा वारा तेच उधाण कित्येक फुटांनी वाढवून वस्तीत लोटतो, आणि किनाऱ्यावर माणसे दगावतात ती मुख्यतः या पाण्याने.

हेलीन आणि मिल्टन शेजारी ठेवून पाहिले की हे स्पष्ट होते. २६ सप्टेंबर २०२४ च्या रात्री चौथ्या श्रेणीचे हेलीन उत्तरेकडे पेरी गावाजवळ किनाऱ्यावर आले. आमच्या भागासमोरून जाताना त्याचा केंद्रबिंदू शंभरहून अधिक मैल दूर समुद्रात होता आणि आमच्याकडचा वारा फारसा भीतिदायक नव्हता. तरीही टॅम्पा बे या खाडीमध्ये नेहमीच्या भरतीरेषेवर सहा फुटांहून अधिक पाणी चढले आणि आमच्या पिनेलस काउंटीत (काउंटी म्हणजे जिल्हा) बारा माणसे गेली, त्यांतील बहुतेक पाण्यात बुडून. त्यानंतर मिल्टन आले. आखातात असताना त्याचा वारा ताशी २९० किलोमीटरपर्यंत पोहोचला होता आणि ते थेट आमच्याकडे येत असल्याचे दिसत होते. प्रत्यक्षात ते ९ ऑक्टोबरला तिसऱ्या श्रेणीचे होऊन दक्षिणेला ‘सिएस्टा की’ या बेटावर धडकले, आणि वादळाच्या उत्तरेकडील वाऱ्याने टॅम्पा बेतील पाणी उलट समुद्रात ओढून नेले. पाणी चढले ते दक्षिणेला, फ्लोरिडातील व्हेनिस गावाच्या बाजूला. वादळ चाळीस-पन्नास किलोमीटर अलीकडे सरकले असते, तर ते पाणी आमच्या गल्ल्यांत असते. म्हणून पहिला प्रश्न श्रेणीचा नसून आपल्या पत्त्याचा आहे. काउंटीच्या संकेतस्थळावर पत्ता टाकला की आपला स्थलांतराचा झोन कळतो. ‘ए’ हा सर्वांत धोक्याचा. विमा कंपनी सांगते तो पूरक्षेत्राचा नकाशा वेगळा असतो, आणि त्यावरून हा निर्णय घेणे चुकीचे आहे.

घरी थांबणे

हा पर्याय सर्वांना हवाहवासा वाटतो आणि काहींसाठी तो योग्यही असतो. घर कोणत्याही स्थलांतर झोनमध्ये नसेल, मार्च २००२ मध्ये लागू झालेल्या फ्लोरिडाच्या बांधकाम संहितेनंतर बांधलेले असेल, खिडक्यांना शटर किंवा मारा सहन करणारी काच असेल आणि घरात विजेवर चालणाऱ्या वैद्यकीय उपकरणावर अवलंबून कोणी नसेल, तर थांबण्यात शहाणपण आहे. कारण तुम्ही रस्त्यावर नसलात की तेवढी जागा झोन ‘ए’मधील गाडीला मिळते. फिरत्या घरात, म्हणजे मोबाइल होममध्ये राहणाऱ्यांनी मात्र झोन कोणताही असो, थांबता कामा नये.

घरी थांबणाऱ्याची खरी परीक्षा वादळानंतर होते. मिल्टनने फ्लोरिडातील तीस लाखांहून अधिक ग्राहकांची वीज घालवली. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या उकाड्यात वातानुकूलन बंद पडलेल्या घरात तरुण माणूस चार दिवस काढू शकतो, परंतु सत्तरी ओलांडलेल्या, रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या माणसाची गोष्ट निराळी आहे. इर्मानंतर फ्लोरिडातील एका वृद्धाश्रमात वातानुकूलन बंद पडल्यामुळे बारा जणांचा मृत्यू झाला. तेथे वारा किंवा पाणी कारण नव्हते. जनरेटर असेल तर तो घरापासून किमान वीस फुटांवर, उघड्यावर ठेवावा. गॅरेजमध्ये दार उघडे ठेवून चालवलेल्या जनरेटरचा विषारी वायूही घरात शिरतो आणि त्याला वास नसतो. पाणी माणशी रोज सुमारे चार लिटर या हिशेबाने आठवडाभराचे हवे. चूल न पेटवता खाता येईल असे आपल्याकडे पुष्कळ आहे: भडंग, शेंगदाण्याचे लाडू, चटण्या, दडपे पोहे. फ्रीजरमध्ये साठवलेल्या डब्यांवर मात्र भिस्त ठेवू नये.

आईवडिलांना घरी थांबण्याचा धीर बहुधा ‘आम्ही निसर्ग पाहिले आहे’ या वाक्याने येतो. ३ जून २०२० रोजी श्रीवर्धन-दिवेआगर परिसरात त्या वादळाने जे केले ते लहान नव्हते. घरांचे पत्रे उडाले, नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, कित्येक गावे अनेक दिवस अंधारात होती. त्यांचा अनुभव खरा आहे आणि तो आदराने ऐकावा. परंतु निसर्गचा वारा ताशी ११० ते १२० किलोमीटरचा होता, आणि भारतीय हवामान विभाग तीन मिनिटांची सरासरी धरतो तर अमेरिकेत एका मिनिटाची धरतात, हा फरक जमेस धरला तरी तिसऱ्या श्रेणीचे वादळ त्याहून फार मोठे असते. शिवाय इकडची किनारपट्टी कोकणासारखी चढती नाही. तिथे घरामागे डोंगर असतो, चार पावले वर चढता येते. इथे मैलोन्मैल सपाट जमीन आहे.

लांब निघणे

इर्माच्या वेळी आम्ही हाच पर्याय निवडला होता. अटलांटातील नातेवाइकांकडे एरवी सात-आठ तासांत पोहोचणारा रस्ता आम्हाला एकोणीस तास पुरला. फ्लोरिडात साठ लाखांहून अधिक लोकांना स्थलांतर करण्यास सांगितले गेले होते, पेट्रोल पंप कोरडे पडले होते आणि मागच्या आसनावर बसलेल्या माझ्या सासूबाईंना स्वच्छतागृहासाठी दोन-दोन तास थांबावे लागत होते. इतके करून वादळ आमच्या मागोमाग जॉर्जियात आले आणि अटलांटातच आमची वीज गेली.

या पर्यायाची भयंकर बाजू टेक्सासमधील ह्यूस्टनने २००५ मध्ये पाहिली. कतरिना वादळाला महिनाही झालेला नव्हता, त्यामुळे रिटा हे नवे वादळ येते आहे म्हटल्यावर ज्यांना निघण्याची गरज नव्हती तेही निघाले. महामार्गांवर गाड्या तासन्‌तास उभ्या राहिल्या, आणि वादळाच्या थेट तडाख्यापेक्षा त्या प्रवासातील उष्णतेने, आजाराने व अपघातांनी अधिक माणसे दगावली. डॅलसजवळ वृद्धांना घेऊन जाणाऱ्या एका बसला आग लागून तेवीस जणांचा अंत झाला.

तरीही लांब जाणे काही परिस्थितींत योग्यच ठरते. वादळाला तीन-चार दिवस अवकाश आहे, जायचे ठिकाण नक्की आहे, घरात डायलिसिस किंवा ऑक्सिजनवर असलेली व्यक्ती आहे आणि परतल्यावर आठवडाभर वीज नसण्याची शक्यता आहे, अशा वेळी दोन दिवस आधी निघालेले बरे. आईवडिलांचा परतीचा प्रवास जवळ आला असेल तर तिकीट पुढे-मागे करून त्यांना आधीच रवाना करण्याचाही विचार करावा. वादळाच्या आदल्या दिवशी मात्र हा पर्याय संपलेला असतो, असे धरून चालावे.

जवळच, पण पाण्यापासून दूर

इथले आपत्ती व्यवस्थापनाचे लोक नेहमी सांगतात, की पाण्यापासून पळा आणि वाऱ्यापासून लपा. शेकडो मैल जाऊ नका, दहा-वीस मैल पुरे आहेत. झोनबाहेरच्या भक्कम घरात राहणारे स्नेही, किंवा आतल्या भागातील साधे हॉटेल, एवढेच यासाठी लागते. मिल्टनच्या वेळी आम्ही आतल्या भागातील लेकलँड शहराकडच्या एका स्नेह्यांच्या घरी गेलो. प्रवास दीड तासांचा झाला. वीज तिथेही गेली, रात्रभर वाऱ्याने कोणाला झोप लागली नाही, छतावर फांद्या आदळत होत्या; परंतु पाणी दारात येईल ही भीती नव्हती. दुसऱ्या दिवशी पूल उघडताच घरी परतून नुकसान पाहता आले. लांब गेलेल्यांना रस्ते मोकळे होण्याची वाट पाहावी लागली.

या पर्यायाचे दोष लपवणार नाही. आतल्या भागातही वारा आणि पाऊस असतो. मिल्टनमध्ये सेंट पीटर्सबर्गला अठरा इंचांहून अधिक पाऊस पडला, आणि दूर पूर्व किनाऱ्यावर सेंट लूसी काउंटीत त्याच वादळाच्या पोटातून निघालेल्या टोर्नेडोने, म्हणजे भोवऱ्यासारख्या फिरत्या वावटळीने, सहा जणांचा बळी घेतला. पूर्ण सुरक्षित जागा कोणतीच नसते. ज्यांच्या घरी जायचे, त्यांना वादळाच्या आदल्या रात्री विचारणे हेही संकोचाचे होते. आम्ही आता जूनमध्ये मोसम सुरू होतानाच दोन घरांशी बोलून ठेवतो, आणि जाताना आपले पाणी, अंथरूण व खाणे घेऊन जातो.

सार्वजनिक निवारा

वर्गखोलीत किंवा शाळेच्या व्यायामशाळेत माणशी साधारण वीस चौरस फूट जागा, म्हणजे पाच बाय चार फूट. खाट बहुधा मिळत नाही. अंथरूण, औषधे आणि शाकाहारी माणसाने आपले खाणेही सोबत न्यावे. एकांत नसतो, झोप नसते. परंतु ज्याला गाडी नाही, स्नेही नाहीत किंवा निघायला उशीर झाला आहे, त्याच्यासाठी ती इमारत झोन ‘ए’मधील कोणत्याही सुंदर घरापेक्षा श्रेष्ठ आहे. विजेवरच्या उपकरणांची किंवा परिचारिकेची गरज असलेल्यांसाठी वेगळे निवारे असतात आणि त्यांची नोंदणी मोसमाआधी करावी लागते.

कधी ठरवावे

हवामानाचा अंदाज बदलत राहतो, म्हणून आणखी एक बुलेटिन पाहू, असे प्रत्येक घरात म्हटले जाते. इयानच्या वेळी याची फार मोठी किंमत मोजावी लागली. सुरुवातीला सर्वांचे लक्ष टॅम्पाकडे होते. वादळ दक्षिणेकडे वळत गेले, ली काउंटीतील स्थलांतराचा आदेश २७ सप्टेंबरच्या सकाळी निघाला, आणि २८ तारखेच्या दुपारी चौथ्या श्रेणीचे वादळ कायो कोस्टा बेटावर आले. फोर्ट मायर्स बीचवर दहा ते पंधरा फूट पाणी चढले. वादळाच्या अंदाजाच्या नकाशावरचा शंकू केवळ केंद्रबिंदूचा संभाव्य मार्ग दाखवतो आणि साधारण तीनपैकी एकदा केंद्रबिंदू त्याच्याही बाहेर जातो. शंकूबाहेरचे घर सुरक्षित आहे, असा त्याचा अर्थ नाही.

म्हणून घड्याळ वेगळ्या गोष्टीवर लावावे. वारा ताशी साधारण ६५ किलोमीटरने सतत वाहू लागला की पूल बंद होतात आणि रुग्णवाहिकाही बाहेर पडत नाही. मायामीचे राष्ट्रीय हरिकेन केंद्र असा वारा लवकरात लवकर कधी पोहोचेल याचा नकाशा देते. त्या वेळेच्या किमान चोवीस तास आधी, उजेडात, आपण मुक्कामाच्या ठिकाणी असावे. झोन ‘ए’ किंवा ‘बी’मध्ये असाल तर हरिकेनचा ‘वॉच’, म्हणजे अधिकृत पूर्वसूचना, जो साधारण ४८ तास आधी निघतो, तोच निघण्याचा इशारा समजावा. विजेवरची गाडी खाऱ्या पाण्यात सापडली तर पुढे बॅटरी पेटू शकते, म्हणून तीही घराजवळच्या सखल जागेत सोडू नये. पुराचा सरकारी विमा आज घेतला तर सामान्यतः तीस दिवसांनी लागू होतो, त्यामुळे त्याचा विचार वादळ दिसण्याआधीच व्हायला हवा.

काळजीचे काय करावे, हा प्रश्नही मला तितकाच खरा वाटतो. केंद्राचे मुख्य बुलेटिन दिवसातून चारदा येते: पहाटे पाच, सकाळी अकरा, संध्याकाळी पाच आणि रात्री अकरा वाजता. त्यांच्या मध्ये समाजमाध्यमांवर फिरणारे नकाशे आम्ही घरात पाहत नाही. सकाळी अकराचे बुलेटिन म्हणजे भारतात रात्रीचे साडेआठ, आणि रात्री अकराचे म्हणजे तिकडे सकाळचे साडेआठ. याच दोन वेळांना आम्ही पुण्याला फोन करतो आणि टॉवर बंद पडले तर दोन दिवस फोन येणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. सासूबाईंच्या पासपोर्टच्या प्रती, प्रवासी विम्याचा कागद आणि इन्सुलिनची थंड पिशवी जूनपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत दाराजवळच्या कपाटात असते. आमचे घर झोन ‘बी’मध्ये आहे, म्हणून यंदा आम्ही ‘वॉच’ निघाला की लेकलँडला जाणार आहोत, मग श्रेणी कितीही असो.