मानव्यविद्येचा सघन वर्ग घ्यावा का?

बारावीनंतर नागपुरातल्या आमच्या कॉलेजात बीएच्या पहिल्याच वर्षाला हा जोडवर्ग घेतला. साहित्य, तत्त्वज्ञान आणि इतिहास-राज्यविचार, तिन्ही एकत्र. गाईडला बंदी, मूळ मजकूर वाचायचा, दर आठवड्याला निबंध द्यायचा आणि तो लहान गटापुढे टिकवून दाखवायचा.

माझं मत स्पष्ट आहे: वाचायची हौस असेल तर घ्याच.

एक तास सांगतो. दीक्षाभूमीवर आपण लहानपणापासून जातो, पण १४ ऑक्टोबर १९५६ च्या दीक्षेनंतर दुसऱ्या दिवशी बाबासाहेबांनी नागपुरात केलेलं भाषण मी कधी नीट वाचलंच नव्हतं. धर्मांतरासाठी नागपूरच का, याचं उत्तर ते सुरुवातीलाच देतात आणि नाग लोकांच्या इतिहासाकडे वळतात. मॅडम एका परिच्छेदावर थांबल्या: इथे पुरावा कोणता, युक्तिवाद कोणता, आवाहन कोणतं? तास संपला तरी आम्ही कॉरिडॉरमध्ये वाद घालतच होतो. असं शिकणं मला शाळेत मिळालं नव्हतं.

आता त्रास. झेरॉक्स पुसट निघतात, लायब्ररी लवकर बंद होते आणि इंग्रजी मजकूर मराठी माध्यमाच्या पोरांना सुरुवातीला फार जड जातो. त्यांच्यासाठी वेगळा तास हवाच, हे मी विभागात लेखी दिलंय.

एमपीएससीचा क्लास सोबत करणार असाल तर मात्र थांबा. दोन्ही झेपत नाही. बाकीच्यांनी प्रवेशाआधी एखाद्या तासाला मागच्या बाकावर बसून बघा, मॅडम बसू देतात.