गुडघ्यांच्या हिशेबाने गोव्याचे किनारे: केरी ते गालजीबाग

नवऱ्याच्या आत्या, वय 74, मिरजेहून आल्या त्या नेमक्या एकादशीला. दोन्ही गुडघे कुरकुरतात, पण "मला समुद्रात उभं राहायचंय, नुसता लांबून नको दाखवूस" ही फर्माईश. डिचोलीत राहूनही मी आजवर पाहुण्यांना कळंगुटच्या पायऱ्यांवर सोडून मोकळी व्हायचे. यावेळी फेब्रुवारीतला एक अख्खा शनिवार-रविवार घालवला. खालचे सगळे गुण आत्यांच्या गुडघ्यांनी दिलेले आहेत.

शनिवारी सकाळी केरी. भाचा आपल्या गाडीने वेगळा निघाला, मोबाईलमध्ये नुसतं 'केरी' टाकलं आणि पोचला सत्तरीत, अंजुणे धरणाजवळ. फोन आला, "मामी, पाणी आहे, पण लाटा कुठायत?" बाहेरच्यांनी लक्षात ठेवा: पेडण्यात एक केरी, सत्तरीत एक, फोंड्यात एक. समुद्राची ती पेडण्यातली, तेरेखोल नदीच्या मुखाशी. आणि अंजुणे वेगळं, हणजूण वेगळं.

जागा सुरेख. सुरूची दाट सावली, पलीकडे तेरेखोलचा किल्ला, फेरीबोट ये-जा करते आहे. आत्यांनी सुरूखाली डब्यातली भाकरी खाऊन द्वादशीचं पारणं केलं. पण आम्ही पोचलो साडेनऊला आणि पाणी पार वर आलेलं. उरलेली वाळू कोरडी, भुसभुशीत, पाय टाकला की घोट्यापर्यंत आत. दहा पावलांत आत्या परत फिरल्या.

तिथे जाळं शिवत बसलेल्या एका म्हाताऱ्या रापणकाराने मला जे सांगितलं, ते आधी कळलं असतं तर एवढं पेट्रोल वाचलं असतं. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. आज द्वादशी, बाराची पाऊणपट नऊ, म्हणजे नऊला पूर्ण भरती आणि साधारण सहा तासांनी, तीनच्या सुमारास, ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतंही. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा फारसा फरक नाही. हिशेब मिनिटाला मिनिट जुळत नाही, पण सहल ठरवायला पुरतो. आणि गुडघेवाल्यांसाठी सगळा खेळ इथेच आहे: ओहोटीला जी ओली वाळू उघडी पडते ती कडक असते, तिच्यावर फरशीवरून चालल्यासारखं चालता येतं.

हरमल थोडक्यात आटोपते. गोड्या पाण्याच्या तळ्याकडे जायला खडकांना वळसा घालून चढ-उतार आहे, दोन्ही बाजूंना कपड्यांची आणि माळांची दुकानं. तरण्यांना झकास. भाचा जाऊन आला, आम्ही दोघी शॅकमध्ये. नाव लिहीत नाही, पण आत्या खाटेवर टेकल्या न टेकल्या तोच पोऱ्या म्हणाला, काही मागवलं नाही तर खाटेचे दोनशे. शनिवार असल्याने आत्या मासे खाणार नव्हत्या. त्यांनी एक शहाळं मागवलं आणि दोनशे वसूल होईस्तोवर, पाऊण तास, ते घोट घोट पीत बसल्या. त्या पोऱ्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

रविवारी दक्षिण. फोंडा, मडगाव, करमल घाट, काणकोण. डिचोलीहून अडीच तास धरा. वाटेतला साष्टीचा पट्टा, वेळसांवपासून मोबोरपर्यंत, वाळू पांढरी आणि सपाट आहे. बाणावली, वार्का कुठेही उतरा. पण दुपारी सावलीचं नाव नाही, म्हणून थांबलो नाही.

गालजीबाग मात्र बघाच. सुरूचं बन, त्याच्यापुढे लांबलचक रिकामी वाळू, आणि वाळूत जाळीचं कुंपण घालून राखलेली कासवांची घरटी. नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवं इथे, आगोंदला आणि मोरजीला अंडी घालायला येतात; पिल्लं बाहेर यायला दीड-दोन महिने लागतात, तोवर वनखात्याची माणसं राखण करतात. आत्या कुंपणाशी दहा मिनिटं उभ्या. "आई कुठंय यांची?" गेली, म्हटलं, समुद्रात. "मग बाळंतपण कोण करतं?" वनखातं, म्हटलं. जेवायला तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं आणि सोलकढी, रविवार असल्याने बिनघोर. पाण्यात मात्र उतरू नका, उतार तीव्र आहे आणि लाट पाय ओढते.

पाळोळ्याला मुद्दाम साडेतीनला पोचलो. त्रयोदशी, म्हणजे पावणेदहाला भरती, पावणेचारला ओहोटी. रस्ता थेट किनाऱ्यापर्यंत जातो, आत्यांना तोंडाशी उतरवलं आणि गाडी लावायला मी मागे गेले (पार्किंगला वीस मिनिटं लागली, रविवारी हे गृहीत धरा). परत येऊन बघते तर आत्या जागेवर नाहीत. भाच्याचा हात धरून उत्तरेच्या टोकाकडे चालू लागल्या होत्या. किनारा चंद्रकोरीसारखा आहे, दोन्ही टोकांना डोंगर, त्यामुळे लाटा नरम. ओहोटीला उत्तरेच्या बेटापर्यंत पाण्यातून चालत जाता येतं. आत्या बेटावर गेल्या नाहीत, पण गुडघाभर पाण्यात, लुगडं खोचून, चाळीस मिनिटं उभ्या होत्या.

तक्रारी आहेतच. डॉल्फिन दाखवणारे बोटवाले चार वेळा येऊन गेले. कपडे बदलायला धड जागा मिळाली नाही, ओल्या लुगड्यावर मोटारीत टॉवेल अंथरला. जून ते सप्टेंबर हे काहीच करायचं नाही, तेव्हा समुद्रात उतरायला बंदी असते. इतर वेळीही जीवरक्षकांच्या लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच उतरा.

घाटात आत्यांनी पिशवीतून पंचांग काढलं. "मेमध्ये येते मी," म्हणाल्या, "पण कृष्ण त्रयोदशीला. शुक्लला आमच्याकडे लग्न आहे."