पाय चिकटतात तेव्हा हातात काय असावं: चाकांचा वॉकर की दोन काठ्या?

पार्किन्सन्सचं निदान होऊन मला नऊ वर्षं झाली. पहिली पाच वर्षं हाताचा कंप आणि गोळ्यांच्या वेळा सांभाळण्यात गेली. तोलाची काळजी तेव्हा मनातही नव्हती. सहाव्या वर्षी तपासणीला गेलो असताना डॉक्टर माझ्या मागे उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही खांदे झटक्यात मागे ओढले. एक-दोन पावलं मागे टाकून माणूस सावरला तर ठीक. मी चार-पाच टाकली, तरी शेवटी त्यांनाच मला धरावं लागलं. होएन आणि यार यांनी 1967 मध्ये या आजाराच्या ज्या पायऱ्या सांगितल्या, त्यातली तिसरी पायरी इथेच सुरू होते: तोल जायला लागतो, पण माणूस आपलं आपण करू शकतो. त्या दिवसापासून आमच्या घरात एकच विषय होता, आता हातात काय घ्यायचं?

पुढच्या दीड वर्षात मी साधी काठी, चार पायांची काठी, उचलून पुढे ठेवायचा वॉकर, चाकांचा वॉकर आणि डोंगर चढणारे वापरतात तशा दोन काठ्या, इतकं सगळं वापरून पाहिलं. आज हाच प्रश्न ज्यांच्यापुढे आहे, त्यांना माझा अनुभव कदाचित उपयोगी पडेल. मी डॉक्टर नाही, आणि हा आजार दोन माणसांत सारखा वागत नाही, हे धरूनच वाचा.

त्याआधी एक गोष्ट. पडणं म्हणजे दरवेळी तोल जाणंच असतं असं नाही. पाच मिनिटं आडवं पडून रक्तदाब मोजा, मग उभं राहून तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजा. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरत असेल, तर डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडण्याचं कारण तिथे असू शकतं. त्याचा इलाज डॉक्टरांकडे आहे, काठीत नाही. दुसरं, आपण कधी पडतो ते एका वहीत लिहून ठेवा. गोळीचा असर उतरल्यावरच पडत असाल, तर वेळा बदलून फरक पडू शकतो. असर पूर्ण असतानाही तोल जात असेल, तर नुसता डोस वाढवून फारसं हाती लागत नाही. लेव्होडोपा या पार्किन्सन्सच्या मुख्य औषधाने ताठरपणा आणि मंदपणा जितका कमी होतो, तितका तोल सुधारत नाही. मला हे पटायला वर्ष लागलं, आणि त्या वर्षात मी तीनदा पडलो.

पहिल्या तीन साधनांचं थोडक्यात सांगतो. साधी काठी मी दोन महिने वापरली. काठी ज्या हातात, त्या बाजूला माझं धड कलायला लागलं. हे माझ्या बायकोच्या लक्षात आलं, मला स्वतःला पत्ताच नव्हता. या आजारात आपण सरळ उभे आहोत की वाकलेले, याचा शरीराकडून मिळणारा निरोपच चुकीचा असतो, म्हणून आरसा किंवा शुभंकर, म्हणजे आपली काळजी घेणारं माणूस, यांच्यावर विश्वास ठेवावा. चार पायांची काठी चारही पाय एकदम टेकले तरच आधार देते, आणि आमच्यासारख्यांच्या घाईच्या, घसटत्या पावलांत ते जमत नाही. उचलून ठेवायचा वॉकर तर मी कुणालाच सुचवणार नाही. तो उचलला की दोन्ही हात हवेत जातात, वजन टाचांवर येतं आणि आपण मागे कलंडतो. शिवाय दर पावलाला थांबावं लागत असल्यामुळे चालण्याची लय तुटते. ज्यांचे पाय जमिनीला चिकटतात, त्यांचं चिकटणं अशा बिनचाकी वॉकरने वाढतं, असं 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातही दिसलं होतं.

उरले दोन. चाकांचा वॉकर आणि दोन काठ्या.

वॉकर घरी आला तेव्हा सगळ्यांनाच हायसं वाटलं. चार चाकं, हातात ब्रेक, दमलं की बसायला सीट, सामान ठेवायला जाळी. मोकळ्या जागेत तो खरोखर उत्तम चालतो. पहिल्या आठवड्यात मी वर्षभरात चाललो नव्हतो इतकं चाललो, आणि मुलाला फोन करून आनंदाने सांगितलंही.

मग स्वयंपाकघराच्या दारात ते घडलं. दार आलं आणि माझे पाय थांबले. ज्यांना हा अनुभव आहे त्यांना सांगायला नको: तळवे जमिनीला डिंकाने चिकटवल्यासारखे होतात आणि कमरेपासून वरचा माणूस मात्र चालतच असतो. माझे पाय थांबले, हात थांबले नाहीत, आणि चाकं तर मुळीच थांबली नाहीत. वॉकर वीतभर पुढे गेला, त्याच्यामागे खांदे गेले, टाचा उचलल्या गेल्या आणि मी जवळजवळ आडवा होऊन त्या दांड्यांना लटकलो. हिने पळत येऊन चाकापुढे पाय घातला म्हणून वाचलो.

ब्रेक होते ना, असं कुणीही विचारेल. होते. पण ब्रेक दाबायला बोटं हवीत, तीही त्याच क्षणी. पाय ज्या कारणाने थांबतात, त्याच कारणाने बोटंही उशिरा हलतात. हातांनी कसलीशी झटपट हालचाल करावी लागते, तीही पाय अडकले की लगेच, आणि नेमकं तेव्हाच हातांना ते जमत नाही. हे महिन्याभरात आणखी दोनदा झालं, दोन्ही वेळा दारात. एकदा गुडघा चौकटीवर आपटला.

यावर उपाय नाहीत असं नाही. चाकांना थोडा अडथळा देऊन वॉकर जड चालवता येतो. ते केलं, थोडा फरक पडला. मग उलट्या ब्रेकचा वॉकर आठवडाभर आणून पाहिला. त्यात मूठ दाबली तर तो चालतो आणि सोडली की जागच्या जागी थांबतो. पार्किन्सन्सच्या माणसांचा विचार करूनच असे वॉकर बनवतात. त्यांचा तळ जड आणि रुंद असतो, काहींत पावलापुढे लाल प्रकाशाची रेघही पडते. अनेकांना त्याचा चांगला उपयोग होतो, आणि माझं मत त्यांच्यावर लादायचं नाही. पण माझी अडचण वेगळी निघाली. पाय अडकले की मला भीती वाटते, आणि भीती वाटली की माझी मूठ आवळली जाते. मूठ आवळली की तो वॉकर चालू लागतो. दहापैकी आठ वेळा मी सोडायला शिकलो, उरलेल्या दोन वेळांचं काय करायचं, हे मला कुणी सांगू शकलं नाही.

दुसरी गोष्ट हळूहळू ध्यानात आली. मी आणखी वाकलो होतो. जेम्स पार्किन्सनने 1817 मध्ये या आजाराचं वर्णन केलं, तेव्हाच धड पुढे झुकणं आणि चालता चालता पावलांनी धावू लागणं या दोन्ही गोष्टी एकत्र नोंदवल्या होत्या, आणि त्या एकत्र असण्याला कारण आहे. धड पुढे झुकलं की शरीराचा भार पावलांच्या पुढे जातो, आणि तो गाठायला पावलं छोटी छोटी आणि घाईची होतात. वॉकर माझ्या हातांना आणखी पुढे नेत होता. दांडे उंच करून पाहिले, फिजिओथेरपिस्टनी चौकटीच्या आत राहून चालायला शिकवलं, पण दमलो की मी पुन्हा त्याच्यावर ओणवा होत असे.

दोन काठ्या मी त्यांच्याच सांगण्यावरून घेतल्या. साध्या काठीची मूठ मनगटाच्या रेषेला येते. या काठ्यांची उंची तशी धरायची नाही, कोपर जवळजवळ काटकोनात येईल इतकी ठेवायची. एवढ्या एका फरकाने छाती उघडली आणि नजर पायांवरून उठून समोर गेली. डावा पाय, उजवी काठी. उजवा पाय, डावी काठी. या आजारात हातांचं झुलणं आधी हरवतं. काठ्यांच्या निमित्ताने ते मला परत मिळालं, आणि पावलांची लांबी वाढली. मी काही मोजलेलं नाही, पण अंगणातल्या ज्या फेरीला आधी पाच-सहा वेळा थांबायचो, तिथे आता एखाद्या वेळी थांबतो.

आणि दारात पाय चिकटले, तर काठी कुठेही जात नाही. ती टेकलेली असते. मी थांबतो, दोन्ही काठ्यांवर सरळ होतो, श्वास घेतो, एक काठी पावलापुढे आडवी टेकवतो आणि ती ओलांडायची असं ठरवून पाय उचलतो. आपोआप चालणं मेंदूच्या ज्या भागाकडे असतं, तो भाग या आजारात साथ सोडतो. समोर ओलांडायला काहीतरी दिसलं की चालणं हे ठरवून करायचं काम होतं, आणि ते काम दुसऱ्या वाटेने होऊन जातं. फरशीवर चिकटवलेल्या पट्ट्या यासाठीच असतात. काठीची पट्टी माझ्याबरोबर फिरते, एवढंच.

वळतानाही मला काठ्याच सोयीच्या वाटतात. एका पायावर गर्रकन वळणं आमच्यासाठी सगळ्यात धोक्याचं. घड्याळाच्या काट्यासारखं बारा, एक, दोन, तीन असं लहान पावलांनी वळावं. अरुंद जागेत वॉकर घेऊन हे करताना चौकट आधी वळते आणि पाय मागे राहतात. मोठ्या खोलीत मात्र वॉकरचा रुंद वळसा काठ्यांपेक्षाही सुरक्षित आहे, हे मान्य करतो.

काठ्यांच्या तक्रारीही आहेत. दोन्ही हात अडकतात, पाण्याचा पेला एका खोलीतून दुसरीत नेता येत नाही. चालताना दुसरं काही करू नये हे आम्हाला सांगितलेलं असतंच, पण आयुष्य तसं चालत नाही. खांद्याला अडकवायची छोटी पिशवी घेतली, त्यात निम्मी अडचण सुटली. मनगटाचे पट्टे मी काढून टाकले, कारण पडताना हात मोकळा होत नाही आणि अंगठा दुखावतो. दमल्यावर बसायला काही नसतं. ज्यांना हात-पायांचा मेळ लक्षात ठेवणं जड जातं, त्यांना दोन काठ्यांचा गोंधळच जास्त होईल. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मागे पडणाऱ्याला काठ्या वाचवत नाहीत. त्या पुढे असतात, तोल मागे जातो. दार आपल्याकडे ओढताना, कपाटाचं वरचं फडताळ उघडताना, मी आता एक पाय पुढे आणि एक मागे ठेवून उभा राहतो. हे काठ्यांनी शिकवलेलं नाही, पडून शिकलो.

शिवाय कुठलंही साधन तोल सुधारत नाही, ते फक्त निभावून नेतं. तोलाचा सराव वेगळाच करावा लागतो. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 195 जणांच्या एका चाचणीत आठवड्यातून दोनदा, 24 आठवडे ‘ताई ची’ हा संथ हालचालींचा चिनी व्यायाम करणाऱ्यांचा तोल वजनाचे व्यायाम किंवा ताण देण्याचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा चांगला सुधारला होता. मी ते भिंतीजवळ, मागे खुर्ची ठेवून करतो.

तर निवडायचं कसं? ज्यांना लांब मोकळं चालायचं आहे, वारंवार बसावं लागतं, पाय क्वचितच अडकतात, त्यांनी चाकांचा वॉकर आधी पाहावा. बहुतेक फिजिओथेरपिस्टही आधी तोच सुचवतील. पण तुमचा त्रास माझ्यासारखा असेल, म्हणजे धड पुढे झुकणं आणि दारात पाय चिकटणं, तर वॉकर घेण्याआधी पंधरा दिवस काठ्या वापरून पाहा, एवढी माझी विनंती आहे. चाचणी मोकळ्या फरशीवर घेऊ नका, तिथे वॉकर छानच चालतो. गोळीचा असर उतरत आलेला असताना, कुणाला तरी शेजारी उभं करून, घरातल्या सगळ्यात अरुंद दारातून दोन्ही घेऊन जा.

आमचा वॉकर आम्ही परत केलेला नाही, घडी करून पलंगाखाली ठेवला आहे. दर तीन महिन्यांनी फिजिओथेरपिस्ट माझ्या मागे उभे राहून खांदे ओढतात आणि बायको पावलं मोजते. सध्या तीन होतात. ज्या दिवशी पावलंच टाकता येणार नाहीत आणि मी लाकडासारखा मागे जाईन, त्या दिवशी तो बाहेर काढायचा, असं आम्ही दोघांनी ठरवलं आहे.