सीडीसीचा हार्मोन-चाचणी प्रमाणीकरण कार्यक्रम: एक अभिप्राय

अमेरिकेतील अटलांटा येथील सीडीसी ही रोगनियंत्रणाचे काम पाहणारी सरकारी संस्था टेस्टोस्टेरॉन व एस्ट्राडायोल या लैंगिक हार्मोनांच्या चाचण्यांसाठी जी प्रमाणपत्र-सेवा चालवते, तिची परीक्षापद्धती भक्कम आहे. प्रयोगशाळेला किंवा किट बनवणाऱ्या कंपनीला दर तिमाहीस सीरमचे (रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवाचे) 10 नमुने येतात. त्यांची खरी मूल्ये कळवलेली नसतात, आणि वर्षभरातील 40 उत्तरे संदर्भपद्धतीशी, म्हणजे अचूक मानल्या गेलेल्या मोजणीशी, ताडून टेस्टोस्टेरॉनमधील सरासरी तफावत ±6.4 टक्क्यांच्या आत राहिली, तरच प्रमाणपत्र मिळते. नमुना एकेका दात्याचाच असतो, अनेकांचे सीरम एकत्र केलेले नसते, हे मला विशेष पटले. निकष सरासरीचा असल्याने मात्र कमीजास्त चुका एकमेकींना झाकून टाकतात, आणि स्त्रियांमधील टेस्टोस्टेरॉनच्या अल्प पातळीत हेच महागात पडते.

माझ्या भाचीच्या पीसीओएसच्या (स्त्रियांमधील एका हार्मोन-विकाराच्या) तपासणीत एका प्रयोगशाळेने टेस्टोस्टेरॉन 38 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर दाखवले, तर त्याच सकाळच्या रक्तावर दुसरीने 1.9 नॅनोमोल प्रति लिटर, म्हणजे हिशेब केल्यास सुमारे 55. दोन्ही अहवालांत चाचणीच्या पद्धतीचे नावच छापलेले नव्हते. प्रमाणित पद्धतींची यादी सीडीसीने सर्वांसाठी खुली ठेवली आहे खरी, पण तीत शोधायचे तरी काय?