पियानो ट्यून करून घेण्याआधी हे वाचा

एप्रिलमध्ये आमच्या घरचा पियानो ट्यून करून घेतला आणि १४,३०० रुपये गेले. पैशांपेक्षा जास्त जिवाला लागलं ते पियानोचं नुकसान. ते अजून भरून आलेलं नाही. नाशिकमध्ये पियानो असलेली घरं थोडी, ट्यून करणारे त्याहून थोडे, त्यामुळे एकानं दुसऱ्याला नंबर द्यायचा अशीच रीत आहे. मलाही नंबर तसाच मिळाला. त्या माणसाचं नाव लिहीत नाही. त्याची पद्धत लिहिते.

आमचा पियानो सासऱ्यांनी १९८७ साली देवळाली कॅम्पातल्या एका बंगल्यातून आणलेला. इंग्लिश बनावटीचा, उभा पण बुटका, जेमतेम १०५ सेंटीमीटर उंच. कॉलेज रोडच्या मैत्रिणीकडे नवाकोरा जपानी पियानो आहे, चांगला १३१ सेंटीमीटर उंचीचा. तिचा यानंच ट्यून केला होता आणि कानाला ठीक वाटत होता. म्हणून बोलावलं.

आला तो मोबाइल आणि एक पाना घेऊन. ‘जर्मन सॉफ्टवेअर आहे ताई, कानानं लावायचे दिवस गेले.’ मोबाइल पट्ट्यांवर ठेवायचा, पट्टी दाबायची, काटा मधोमध येऊन हिरवा दिवा लागला की पुढची पट्टी. सेकंदाला ४४० कंपनांच्या प्रमाण सुरापेक्षा आमचा पियानो साधारण ६० सेंट उतरलेला होता. शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर १०० सेंट, म्हणजे त्याच्या निम्म्याहूनही थोडा जास्त. तो त्यानं एका फेरीत वर ओढला. तीन तारा तुटल्या. ‘तारा जुन्या, माझा दोष नाही,’ म्हणत प्रत्येकी ११०० लावले. मग खुंट्या सैल आहेत, त्या घट्ट करायला खास स्प्रे मारावा लागेल म्हणाला. त्याचे ६५००. दाराच्या बिजागरीला घालतात त्या तेलासारखा वास घरभर पसरला होता. मी विचारलं, ‘हे तेल तर नाही ना?’ तो म्हणाला, ‘छे, केमिकल आहे.’ तिथेच हात धरायला हवा होता. दोन तासांत काम आटोपलं. जाताना व्हॉट्सॲपवर तक्ता पाठवला: ८८ पट्ट्या आणि प्रत्येकीसमोर शून्य, म्हणजे हिशोबी सुरापासून फरक काहीच नाही. ‘जपून ठेवा ताई, सर्टिफिकेट आहे. मशीन खोटं बोलत नाही.’

मी स्वतः पेटी वाजवते. त्याच संध्याकाळी मुलगी वाजवायला बसली तेव्हा वरचा सा खालच्या साशी जुळत नव्हता, आणि मधले सूर एकेकटे वाजवले तरी डोलत होते. कानाला कळत होतं, पण समोर तो तक्ता होता आणि मी तक्त्यावर विश्वास ठेवला. फोन केला तर म्हणाला, ‘कान जुन्या सुराला सरावलाय, आठ दिवस द्या.’ आठ दिवसांत पियानो आणखी उतरला. मग त्यानं माझा नंबर ब्लॉक केला.

जूनमध्ये पुण्याहून एक वयस्कर ट्यूनर ओळखीच्यांकडे आले होते, त्यांना विनंती करून घरी आणलं. त्यांच्याकडेही यंत्र होतं, टॅबलेटवरचं. म्हणून मी यंत्राला दोष देत नाही. पण काकांनी आधी खालपासून वरपर्यंतचे पाच-सहा सूर वाजवून यंत्राला ऐकवले आणि त्यावरून या पियानोपुरता आराखडा काढला. मी तो तक्ता दाखवला तर म्हणाले, ‘सगळीकडे शून्य आहे ना, तेच चुकलंय.’

तंबोरा जुळवणाऱ्याला हे लगेच कळेल. खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार ऐकू येतो, कारण एका तारेत वरचे अनेक सूर दडलेले असतात. पियानोची तार पोलादी आणि ताठ. त्या ताठपणामुळे हे वरचे सूर दुप्पट, तिप्पट कंपनांच्या हिशोबापेक्षा किंचित चढे येतात. तार जितकी आखूड आणि जाड तितके जास्त चढे. वरचं सप्तक खालच्या तारेतल्या या चढ्या सुरांशी जुळवायचं, तर तेही थोडं चढंच लावावं लागतं आणि खर्ज थोडा उतरा. ओ. एल. रेल्सबॅक या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञानं १९३८ साली कानानं लावलेल्या पियानोंची मापं प्रसिद्ध केली, त्यात हेच दिसलं: दोन्ही टोकांना फरक साधारण ३० सेंटपर्यंत जातो. पेटीच्या रीडचे वरचे सूर मात्र हिशोबात येतात, म्हणून साधा ॲप पेटीला चालतो, पियानोला नाही.

मैत्रिणीच्या पियानोत लांब तारा, तिथं चूक कमी, म्हणून ती खपून गेली. आमच्या बुटक्या पियानोत तीच चूक उघडी पडली. चांगल्या वाद्यावरून ट्यूनरची पारख करू नका, हे मला फार महागात कळलं.

सूर डोलत होते त्याचं कारण वेगळं. वरच्या भागात एका पट्टीला तीन तारा असतात. दोन तारांत रबराची पाचर किंवा फेल्टची पट्टी अडकवून एकच तार मोकळी ठेवायची, ती लावायची, मग तिच्याशी बाकीच्या कानानं मिळवायच्या. याच्याकडे पाचर नव्हती, फेल्ट नव्हतं. मोबाइलला तिन्ही तारा एकदम ऐकू येत होत्या.

आणि सूर उतरला त्याचं कारण ताण. पियानोत सुमारे २३० तारा, सगळ्यांचा मिळून ताण १५ ते २० टन. एक भाग वर ओढला की आधी लावलेला भाग ढिला पडतो. म्हणून इतकं चढवायचं असेल तर दोन-तीन फेऱ्या लागतात, तेही तारा गंजलेल्या नसतील तर. उन्हाळ्यात लाकूड सुकून खुंट्या आधीच सैल होतात. त्यात तेल गेलं की लाकडाची पकडच जाते. काकांनी टॉर्च लावून पाहिलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

कुणाला बोलावलंत तर पाना उघडण्याआधी विचारा, ‘या पियानोचं माप घेणार का?’ फेल्ट आणि पाचरी दाखवायला सांगा. आणि नाव, पत्ता असलेली पावती घ्या. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते, पण माझ्याकडे यूपीआयची नोंद आणि तो बिननावाचा तक्ता एवढंच आहे.

काकांनी ४४०चा हट्ट सोडायला लावला. ४३०वर ठेवून पियानो आपल्या आपल्यात सुरात आणला. तेल लागलेल्या ११ खुंट्या तिथंही टिकत नाहीत; दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की जाड खुंट्या घेऊन येतो म्हणालेत. तोवर मुलगी मधल्या चार सप्तकांवर सराव करते. त्या वरच्या खुंट्यांना कुणी हात लावायचा नाही, असं त्यांनी बजावून सांगितलंय.